अब्याथार की अहीमलेख? अमेरिकेतलं 'डिकन्स्ट्रक्शन' सोप्या भाषेत

बायबलच्या नव्या करारात येशूचं चरित्र सांगणारी चार पुस्तकं आहेत, त्यातल्या मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे. शब्बाथाचा म्हणजे यहुद्यांच्या सक्तीच्या विश्रांतीचा दिवस, येशूचे शिष्य शेतातून जाता जाता कणसं मोडतात, परूशी म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहुदी लोक लगेच बोट दाखवतात की हे नियमात बसत नाही, आणि येशू त्यांना म्हणतो की दावीदाला भूक लागली तेव्हा त्यानं काय केलं हे तुम्ही वाचलंच नाही का, अब्याथार प्रमुख याजक असताना तो देवाच्या घरात गेला आणि याजकांसाठी असलेल्या समर्पित भाकरी त्यानं खाल्ल्या. आता जुन्या करारातलं पहिलं शमुवेल उघडा, २१ वा अध्याय. तोच प्रसंग, त्याच भाकरी, फक्त याजकाचं नाव वेगळं. तिथे अहीमलेख आहे. अब्याथार हा त्याचा मुलगा.

बापाच्या जागी मुलाचं नाव पडलं, एवढंच. कुणालाही वाटेल की बरं मग, झालं असेल लिहिणाऱ्याकडून इकडचं तिकडे, गोष्टीचा मुद्दा कुठे बदलतोय. पण अमेरिकेतल्या एका ठरावीक पद्धतीच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाची या एका नावानं झोप उडू शकते, आणि ती का उडते हे कळलं की गेली दहाएक वर्षं तिकडे ज्याला 'डिकन्स्ट्रक्शन' म्हणतात, म्हणजे लहानपणी शिकवलेली श्रद्धा एकेक भाग सुटा करून तपासणं, ते प्रकरण बऱ्यापैकी कळतं. म्हणून सुरुवात इथून.

बार्ट एर्मन हे आज नव्या कराराचे नावाजलेले अभ्यासक आहेत, पण तरुणपणी पक्के इव्हँजेलिकल होते. शाळेत असताना 'नवा जन्म' झाला, मग शिकागोची मूडी बायबल इन्स्टिट्यूट, मग व्हीटन कॉलेज, म्हणजे त्या जगातली अगदी ठरलेली वाट, आणि तिथून प्रिन्स्टनची सेमिनरी, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणारी संस्था. तिथे त्यांनी याच अब्याथारवर एक लांबलचक पेपर लिहिला, मूळ ग्रीक शब्दांचा असा अर्थ लावला तर मार्क चुकलाय असं म्हणायची वेळच येत नाही, अशी सगळी कसरत. प्राध्यापकांनी पेपर वाचला आणि शेवटी एक ओळ लिहिली, तिचा अर्थ असा की कदाचित मार्ककडून इथे नुसती चूक झाली असेल. एर्मननी स्वतःच पुढे लिहिलंय की एवढा घाम गाळला होता, पण ती ओळ वाचल्यावर मनाशी कबूल करावं लागलं की हो, असेलही. आणि एकदा इथे चूक असू शकते म्हटलं की मग दुसरीकडे का नाही?

आता इव्हँजेलिकल म्हणजे कोण ते बघू, कारण याच्यात लोक फार गोंधळतात. हे काही एका चर्चचं नाव नाही. प्रोटेस्टंटांच्या वेगवेगळ्या पंथांत हे पसरलेत, बॅप्टिस्टांमध्ये हे लोक आहेत, पेंटेकोस्टलांमध्ये आहेत, कुठल्याच संस्थेला न जोडलेल्या अवाढव्य चर्चांमध्ये तर आहेतच. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ साली यांची चार लक्षणं सांगितली आणि अजूनही सगळे तीच वापरतात. बायबल हा शेवटचा शब्द, येशूचं क्रुसावरचं मरण हा सगळ्याचा गाभा, प्रत्येक माणसाचा स्वतःचा नवा जन्म झाला पाहिजे, आणि ही सुवार्ता दुसऱ्यांपर्यंत न्यायला हातपाय हलवले पाहिजेत. यातलं तिसरं नीट लक्षात ठेवा. ख्रिस्ती घरात जन्मलो म्हणून ख्रिस्ती, हे इथे चालत नाही. पोर सहा-सात वर्षांचं असलं तरी त्यानं स्वतः प्रार्थना करून येशूला हृदयात बोलवायचं, आणि पुढे सगळ्या मंडळीसमोर उभं राहून 'साक्ष' द्यायची की मी आधी असा होतो, मग माझं तारण झालं, म्हणजे पापातून सुटका झाली. (सहा वर्षांच्या पोराचं आधीचं पापी आयुष्य म्हणजे काय, तर बहिणीला चिमटे काढले असतील, पण असो.) सांगायचं काय तर यांच्याकडे श्रद्धा ही आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळासारखी नुसती वारशानं येत नाही. ती मनापासून, विचार करून, स्वतः पत्करायची असते, खरी आहे का ते तपासायचं असतं आणि खरी असेल तर तिच्यासाठी सगळं सोडायची तयारी ठेवायची असते. लहानपणापासून हेच शिकवलं जातं. माझं म्हणणं असं आहे की आज जे लोक प्रश्न विचारत बाहेर पडतायत त्यांच्यातले बरेचसे हे शिकवलेलं जरा जास्तच मनावर घेतलेले लोक आहेत.

पहिल्या लक्षणाकडे परत येतो, बायबल. बायबल देवप्रेरित आहे हे ख्रिस्ती लोक पहिल्यापासून म्हणत आलेत, पण म्हणजे नेमकं काय यावर चिक्कार मतं होती. मग १९ व्या शतकात युरोपातल्या विद्यापीठांत बायबलचा इतर जुन्या ग्रंथांसारखाच चिरफाड करून अभ्यास व्हायला लागला, १८५९ साली उत्क्रांतीवरचं डार्विनचं पुस्तक आलं, आणि अमेरिकेतल्या प्रोटेस्टंटांमध्ये हळूहळू उभी फूट पडली. एका बाजूनं म्हटलं की नव्या ज्ञानाशी जुळवून घेऊ, दुसरीनं पाय रोवले. पाय रोवणाऱ्यांच्या वारसांनी १९७८ साली शिकागोत जमून एक जाहीरनामाच काढला, दोनशेच्या वर पुढाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला, त्यात स्पष्ट म्हटलंय की मूळ लेखनात बायबल पूर्ण बिनचूक आहे आणि हा बिनचूकपणा नुसत्या धर्माच्या गोष्टींपुरता नाही, इतिहास आणि विज्ञानाच्या बाबतीतही तो लागू आहे. 'बाबा वाक्यं प्रमाणम्' हे मराठीत चेष्टेनं म्हणतात, इथे ते सह्यांनिशी मांडलं गेलं.

ह्याच्यात एक गोम आहे. मुलांना हे शिकवताना हमखास एक युक्तिवाद दिला जातो, की बायबलमधलं एक वाक्य जरी खोटं निघालं तर बाकीच्यावर कशाच्या जोरावर विश्वास ठेवणार? हेतू असा की मुलांनी एकही वाक्य सोडू नये. पण हा पत्त्यांचा बंगला आहे आणि तुम्हीच मुलाला सांगून ठेवलंय की कुठलंही पान काढलं तरी सगळा कोसळेल. मग कॉलेजात गेल्यावर अब्याथार भेटतो, किंवा येशूला पकडून देणारा यहूदा इस्कर्योत भेटतो जो मत्तयाच्या शुभवर्तमानात गळफास घेऊन मरतो आणि नव्या करारातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात खाली पडून पोट फुटून मरतो, आणि मुलगा काय करतो तर तुम्हीच शिकवलेला युक्तिवाद प्रामाणिकपणे लावतो. कॅथलिक माणसाला किंवा एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्या अमेरिकी चर्चच्या, माणसाला हे दाखवा, तो खांदे उडवेल. त्याच्या बंगल्यात ते पान तळाला नाहीच मुळी.

हा प्रश्न नवीन नाही, आणि त्यातून दोन माणसं दोन वाटांनी कशी जातात याचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला नमुना १९४९ सालचा आहे. बिली ग्रॅहम आणि चार्ल्स टेम्पल्टन हे दोघं तरुण प्रचारक, जिवलग मित्र, युरोपचा दौरा एकत्र केलेला, आणि ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं मत की दोघांत टेम्पल्टन जास्त दमदार. टेम्पल्टन कॅनडाचा, शाळा अर्धवट सोडलेला, त्याला वाटायला लागलं की आपण जे बोलतो ते आपल्याला पुरतं माहीतच नाही, म्हणून तो प्रिन्स्टनला शिकायला गेला आणि तिथे एकेक शंका घट्ट होत गेली. त्यानं ग्रॅहमला गाठून सांगितलं की जग इतकं पुढे गेलंय आणि तू अजून उत्पत्तीची कथा अक्षरशः खरी म्हणून सांगतोस. ग्रॅहम हलला. ऑगस्टच्या शेवटी कॅलिफोर्नियाच्या डोंगरात फॉरेस्ट होम नावाच्या शिबिराच्या जागी तो रात्री एकटा रानात गेला, झाडाच्या तोडलेल्या बुंध्यावर बायबल उघडून ठेवलं, गुडघे टेकले आणि प्रार्थना केली की यातल्या सगळ्याच प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नाहीत, पण मी हे तुझं वचन म्हणून विश्वासानं स्वीकारतो. महिन्याभरात लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या तंबूतल्या सभा सुरू झाल्या, तीन आठवड्यांसाठी ठरलेल्या, आठ आठवडे चालल्या, आणि ग्रॅहम देशभर माहीत झाला. टेम्पल्टननं १९५७ साली प्रचारकाचं काम सोडलं आणि आपण अज्ञेयवादी आहोत असं सांगून टाकलं, पुढे तो कॅनडात पत्रकार झाला, राजकारणातही उतरला.

ग्रॅहमनी प्रश्न सोडवला असं म्हणता येत नाही, त्यांनी तो बाजूला ठेवला आणि ते उघड सांगितलं, यात लबाडी नव्हती. पण एका माणसानं रात्री एकट्यानं घेतलेला निर्णय कोट्यवधी पोरांसाठी अभ्यासक्रम झाला.

टेनेसीत डेटन नावाचं छोटं गाव आहे. १९२५ साली तिथे जॉन स्कोप्स या शिक्षकावर शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून खटला चालला होता, १०० डॉलर दंड झाला, नंतर तो तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण खटला देशभर गाजला आणि 'माकड खटला' हे नाव त्याला कायमचं चिकटलं. याच गावात रेचेल हेल्ड इव्हान्स मोठी झाली, तिथल्याच ब्रायन कॉलेजात शिकली, आणि हे कॉलेज कुणाच्या नावानं, तर त्या खटल्यात उत्क्रांतीच्या विरोधात उभे राहिलेल्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्या. म्हणजे उत्तरं पाठ असलेल्या गावातली, उत्तरं पाठ असलेली हुशार मुलगी. तिला प्रश्न पडला तो विज्ञानामुळे नव्हे खरं तर, जगात जी कोट्यवधी माणसं दुसऱ्या देशात दुसऱ्या धर्मात जन्मली आणि येशूचं नावही न ऐकता मेली ती सगळी नरकात जाणार का, आणि जाणार असतील तर आपल्या जन्मगावाच्या जोरावर आपलं तारण झालं म्हणायचं का. तिनं हे ब्लॉगवर लिहायला सुरुवात केली, पुढे पुस्तकं लिहिली, आणि हजारो वाचकांना पहिल्यांदा कळलं की हा विचार करणारे आपण एकटे नाही. २०१९ च्या मे महिन्यात आजारपणात ती गेली, वय फक्त ३७. ती शेवटपर्यंत ख्रिस्ती होती हे मुद्दाम सांगतो, फक्त इव्हँजेलिकल चर्च सोडून एपिस्कोपल चर्चमध्ये गेली होती.

नरकाचं निघालंच आहे तर तेही थोडं. याच लोकांत एक शिकवण फार पसरलेली आहे, की येशू परत येईल तेव्हा खरे विश्वासणारे क्षणात वर उचलले जातील आणि बाकीचे मागे राहतील. ही कल्पना या रूपात फार जुनी नाही, १८३० च्या आसपास जॉन नेल्सन डार्बीनं ती मांडली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटीपांतून ती अमेरिकेत घरोघरी गेली. मोठ्यांसाठी तो सिद्धांत असेल. पोर मात्र शाळेतून घरी येतं, आईला हाक मारतं, उत्तर येत नाही, गॅसवर काहीतरी उकळतंय, टीव्ही चालू आहे आणि घरात कुणीच नाही, आणि पोराच्या पोटात गोळा येतो की झालं, सगळे वर गेले, मी राहिलो. आई मागच्या अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत असते. अशा आठवणी या घरांतून आलेल्या लोकांकडून इतक्यांदा ऐकायला मिळतात की मग कळतं, डोक्यानं नरक नाकारलेली चाळीस वर्षांची माणसं रात्री दचकून का उठतात. डोकं कधीच पुढे निघून गेलेलं असतं, शरीर मागे राहतं.

आणि शरीरावरून आठवलं, मुलींचं. १९९३ साली सदर्न बॅप्टिस्ट लोकांनी, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या प्रोटेस्टंट पंथानं, एक मोहीम काढली, मुलामुलींनी कार्डावर सही करायची की लग्नापर्यंत शुद्ध राहीन, पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमधल्या मोठ्या मैदानावर अशी दोन लाखांच्या वर कार्डं जमिनीत रोवून दाखवली होती. मग त्याच शपथेच्या अंगठ्या आल्या. वर्गात उदाहरणं दिली जायची, गुलाबाचं फूल सगळ्यांच्या हातून फिरवायचं, पाकळ्या चुरगाळून परत आलं की विचारायचं, आता हे कुणाला हवंय? चघळलेलं च्युइंगमही असायचं. बोलणं दोघांशी असायचं पण चुरगाळलेलं फूल मुलगीच असायची, आणि मुलांच्या मनात वाईट विचार येऊ नयेत म्हणून कपडे कसे घालायचे तेही तिनंच बघायचं. जोशुआ हॅरिस नावाच्या एकविशीतल्या पोरानं १९९७ साली डेटिंगच करू नका सांगणारं पुस्तक लिहिलं, ते तुफान खपलं, तो पुढे मोठ्या चर्चचा पास्टर, म्हणजे मुख्य धर्मोपदेशक, झाला. २०१८ साली त्यानं ते पुस्तक बाजारातून काढून घेतलं, लोकांचं नुकसान झालं म्हणून माफी मागितली, आणि २०१९ मध्ये लग्न मोडल्याचं आणि आपण आता ख्रिस्ती नसल्याचं जाहीर केलं. त्या पुस्तकाप्रमाणे आपलं तारुण्य घालवलेल्या लोकांना ते वाचून काय वाटलं असेल.

समलिंगी मुलांचं तर याहून वाईट. प्रार्थनेनं आणि समुपदेशनानं 'बदलता येतं' म्हणणारी एक्झोडस इंटरनॅशनल ही मोठी संस्था २०१३ साली बंद झाली, आणि बंद करताना तिच्याच अध्यक्षांनी, ॲलन चेंबर्स यांनी, लोकांना दिलेल्या वेदनेबद्दल माफी मागितली.

इथपर्यंतचे प्रश्न एकेकट्याचे होते, कुणी लायब्ररीत बसून पडले, कुणी उशीत तोंड खुपसून. मग २०१६ उजाडलं. १९९८ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचं लैंगिक संबंधांचं प्रकरण चालू असताना सदर्न बॅप्टिस्ट अधिवेशनानं ठराव केला होता की सार्वजनिक पदावरच्या माणसाचं नैतिक चारित्र्य महत्त्वाचं असतं, आणि जी हे ऐकत लहानाची मोठी झाली त्या मुलांनी २०१६ ला बघितलं की एक्झिट पोलप्रमाणे गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी ८१ टक्क्यांनी डोनाल्ड ट्रम्पना मत दिलं. कुणी कुणाला मत द्यावं हा माझा विषय नाही, आणि न्यायाधीशांच्या नेमणुका आणि गर्भपाताचा कायदा ही त्या मतामागची खरीखुरी कारणं होती हेही मान्य. पण एक सर्व्हे बघा, वैयक्तिक आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक कामात नीट वागू शकतो का, यावर २०११ साली ३० टक्के गोरे इव्हँजेलिकल हो म्हणाले होते, २०१६ साली ७२ टक्के. बायबल तेच, पाच वर्षांत उत्तर उलटं. मुलांनी जेवताना आईबापांना विचारलं की तुम्हीच तर शिकवलं होतं ना, आणि बऱ्याच घरांत त्या जेवणानंतर बोलणंच कमी झालं. त्याच वर्षी ब्लेक चेस्टेननं 'एक्स-व्हँजेलिकल' म्हणजे माजी इव्हँजेलिकल हा हॅशटॅग काढला, त्याच नावाचा पॉडकास्टही, आणि इतके दिवस एकेकटे असणारे लोक एकमेकांना सापडले.

त्यानंतरची वर्षं म्हणजे एकामागून एक धक्के. २०१९ च्या फेब्रुवारीत टेक्सासमधल्या दोन वर्तमानपत्रांनी मिळून छापलं की वीस वर्षांत सदर्न बॅप्टिस्ट चर्चांमधल्या ३८० च्या आसपास पास्टर, कर्मचारी आणि स्वयंसेवकांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले आणि पीडित ७०० च्या वर. २०२२ च्या मे महिन्यात स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला, त्यात निघालं की मुख्य कार्यालयात आरोपींची यादी वर्षानुवर्षं ठेवलेली होती, ७०३ नावं, आणि बाहेर मात्र सांगितलं जात होतं की आमची प्रत्येक मंडळी स्वतंत्र आहे, आम्ही अशी यादी ठेवू शकत नाही. हे वाचून मी खरंच दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. आणि रवी झकारायस, मद्रासमध्ये जन्मलेले, अमेरिकेतून जगभर फिरणारे, शंकांना उत्तरं देणं हेच ज्यांचं काम, कॉलेजच्या पोरांना काही अडलं की त्यांचे व्हिडिओ लावून द्यायचे. २०२० मध्ये ते वारले, मोठमोठ्या लोकांनी श्रद्धांजली वाहिली, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या वकिलांच्या अहवालात त्यांनी कितीतरी बायकांचं लैंगिक शोषण केल्याचं बाहेर आलं. विचार करा, तुमची शंका ज्यानं फेडली होती त्याचंच हे. शंका परत येते, आणि आता एकटी येत नाही.

'डिकन्स्ट्रक्शन' हा शब्द मूळचा फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदाचा, १९६० च्या दशकातला, आणि त्याचा तिथला अर्थ फार किचकट आहे, त्यात शिरत नाही कारण चर्चमधल्या लोकांनी तो सरळसोट अर्थानं उचललाय. घर वीट वीट करून उतरवायचं, प्रत्येक वीट हातात घेऊन बघायची, ही येशूची की ही अमेरिकेची, ही बायबलमधली की आमच्या पास्टरची, चांगली असेल ती ठेवायची. बुलडोझर घालणं वेगळं. काही जण आधी बुलडोझर घालतात आणि मग ढिगाऱ्यात विटा शोधतात हेही खरं.

बाहेरून हे डोक्याचं काम वाटतं पण मोडतं ते सगळं आयुष्य. मित्र चर्चचे, लग्न चर्चमध्ये जुळलेलं, बाळंतपणात महिनाभर डबे चर्चच्या बायकांनी आणलेले, नोकरीसुद्धा कधी कधी चर्चचीच. पास्टर असेल तर विचारूच नका, सोमवारी शंका आली तरी रविवारी उभं राहून बोलायचंच असतं कारण घरभाडं त्यावर आहे. उघड बोललं की कुणी वाळीत टाकत नाही खरं तर, लोक प्रेमानंच विचारतात, तुझ्यासाठी प्रार्थना करतोय हं, पण पुढच्या रविवारी दोन खुर्च्या सोडून बसतात.

आईवडिलांची बाजूही समजून घ्यायला हवी, आणि बाहेर पडलेले लोक रागाच्या भरात ती बऱ्याचदा विसरतात. त्या आईच्या लेखी नरक हा उपमा नाही, तो खराखुरा आहे, अनंतकाळचा आहे आणि तिचा मुलगा तिकडे चाललाय. ती रात्री दोन वाजता बायबलची वचनं मेसेज करते तेव्हा मुलाला वाटतं ही मला ताब्यात ठेवू बघतेय, आणि तिला वाटतं पोर पुलावरून खाली पडतंय आणि मी हाकसुद्धा मारू नको का. दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीयेत, म्हणून हे भांडण मिटत नाही.

टीका करणारेही आहेत, आणि त्यांचं सगळंच टाकाऊ नाही. ते म्हणतात की ही फॅशन झालीय, आधी पास्टरच्या मागे जायचे आता इन्फ्लुएन्सरच्या मागे जातात, आणि सगळे जण शेवटी त्याच ठरलेल्या मतांवर कसे काय पोचतात? यात तथ्य आहे. हॅरिसचंच बघा, २०२१ साली त्यानं डिकन्स्ट्रक्शन कसं करावं याचा २७५ डॉलरचा कोर्स विकायला काढला होता, लोकांनी झोडपल्यावर मागे घेतला. आधी शुद्धता विकली आता शंका. पण याच टीकाकारांचा दुसरा लाडका मुद्दा, की यांना फक्त पाप करायची मोकळीक हवी म्हणून हे जातात, तो मला पटत नाही. ज्याला नुसती मजा करायचीय तो ग्रीक व्याकरण कशाला उघडेल. तो चर्चला जातच राहील आणि मजाही करेल, कमी आहेत का असे?

शिवाय शंका ही काही बाहेरून आलेली कीड नाही. बायबलमध्येच ईयोब देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो, उपदेशक सगळं व्यर्थ म्हणतो, येशू पुन्हा उठला हे जखमेत बोट घातल्याशिवाय पटणार नाही असं त्याचा शिष्य थोमा म्हणतो, आणि मार्कमध्येच, तोच मार्क, एका आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच श्वासात दोन्ही.

यातून लोक जातात कुठे? काही जण एपिस्कोपल, कॅथलिक, ऑर्थोडॉक्स अशा जुन्या चर्चांमध्ये जातात, तिथे प्रार्थना छापील असते, स्वतःला रोज काही नवीन वाटलंच पाहिजे अशी सक्ती नसते, थकलेल्या माणसाला ते बरं पडतं. काही जण येशू ठेवतात आणि चर्च सोडतात. काही जण सगळंच सोडतात, अमेरिकेत कुठल्याच धर्माचे नाही म्हणणारे २००७ साली १६ टक्के होते ते आता २९ टक्क्यांच्या आसपास आहेत, अर्थात ते सगळेच इव्हँजेलिकल घरांतले नव्हेत. आणि काही जण चार-पाच वर्षांनी त्याच प्रकारच्या चर्चमध्ये परत येतात, फक्त आता मागच्या रांगेत बसतात आणि सगळ्याला आमेन म्हणत नाहीत. एर्मनच्या बाबतीत सांगायचं तर अब्याथारमुळे त्यांची श्रद्धा गेली नाही, त्यानंतर ते बरीच वर्षं ख्रिस्ती राहिले, शेवटी त्यांना सोडायला लावलं ते जगातल्या दुःखाच्या प्रश्नानं.

टेम्पल्टनचंही तेच. म्हातारपणी, अल्झायमर सुरू झालेला असताना, त्याला ली स्ट्रोबेल भेटायला गेला होता. स्ट्रोबेल हा ख्रिस्ती विश्वासाच्या बाजूनं लिहिणारा लेखक, ते लक्षात ठेवूनच वाचायचं. टेम्पल्टननं त्याला एका मासिकातल्या फोटोबद्दल सांगितलं, आफ्रिकेतला दुष्काळ, एका बाईच्या हातात मेलेलं बाळ आणि तिची नजर वर आभाळाकडे, आणि तिला हवा होता तो फक्त पाऊस. तिथे माझा विश्वास संपला म्हणाला. मग स्ट्रोबेलनं विचारलं की येशूबद्दल आता काय वाटतं. देवावर विश्वास नाही म्हणणारा तो चौऱ्याऐंशीच्या आसपासचा माणूस त्याच्याबद्दल एखाद्या जुन्या मित्राबद्दल बोलावं तसं बोलत राहिला, त्याच्याइतका चांगला माणूस झाला नाही म्हणाला, आणि बोलता बोलता अडखळला, मला त्याची आठवण येते म्हणाला आणि रडायला लागला. थोड्या वेळानं डोळे पुसले आणि हातानंच खूण केली की पुरे आता, पुढचं विचार.